गारांची संक्रांत

यंदाच्या थंडीचा अंदाज आला आहे. कुवेतमधल्या आम्हा मराठी बायकांच्या ग्रुपवर तो सकाळपासून फिरतोय. एकामागून एक लाटा येणार म्हणे. उत्तरेला इराकात आणि सौदीच्या सरहद्दीकडे बर्फ पडणार, तो तिकडे पडला की त्याच्या पाठोपाठ इकडे गारा, झोडपणारा पाऊस, आणि वाळवंटात पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय. एक वादळ सरतंय न सरतंय तोच दुसरं. त्या निरोपाखाली बायकांनी नाचणाऱ्या बाहुल्या टाकल्यात. एकीने लिहिलंय, 'वॉव, काश्मीर!' दुसरी विचारतेय, यंदा तंबू कुणी बुक केला का गं? मी फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि मेथी निवडायला घेतली. थोड्या वेळाने बघते तर पानं कचऱ्याच्या पिशवीत आणि देठं ताटात.

कुवेतला थंडी असते हे भारतातल्या माणसांना पटतच नाही. नाशिकहून माझी बहीण फोन करते आणि दरवेळी तेच म्हणते, "तुमच्याकडे कसली आलीय थंडी? तुमच्याकडे तर उंटसुद्धा भाजून निघतात." तिला काय सांगायचं? नाशिकची थंडी मी जन्मापासून पाहिलीय, पण तिथे उन्हात जाऊन बसलं की अंग मोकळं होतं. इथली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. फरशी गारठून पाय बधिर होतात, भिंतीतून थंडी झिरपते, आणि खिडकीतला एसी बंद असला तरी त्याच्या फटीतून वारा शिट्ट्या मारत आत येतो. मग आम्ही सगळे फटींना चिकटपट्ट्या लावत सुटतो. धुळीच्या वादळात लावायच्या त्याच पट्ट्या. कुवेतमध्ये घर चालवायचं म्हणजे फटी बुजवायच्या, हे इथे आलेली प्रत्येक बाई पहिल्या वर्षात शिकते.

आम्ही रुमैथियात राहतो, एका कुवेती कुटुंबाच्या व्हिलाच्या वरच्या मजल्यावर. घरमालकाची म्हातारी आई होती तेव्हा ती थंडीत खालच्या अंगणात घोंगडी पांघरून बसायची. तिला मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून ऐकलेलं थोडं हिंदी यायचं. तिने मला इथल्या थंडीची नावं शिकवली. आधी चाळीस दिवसांची ती मुरब्बानिया. मग शबात, म्हणजे हाडात शिरणारी. आणि सगळ्यात शेवटी, आता थंडी गेली असं म्हणून लोक स्वेटर धुऊन ठेवतात तेव्हा परत फिरून येते ती 'म्हातारीची थंडी'. ते सांगताना ती स्वतःकडे बोट दाखवून बोळक्या तोंडाने हसायची. मी तेव्हा नवी होते आणि मला हे सगळं फार गोड वाटायचं.

खरं सांगायचं तर मला इथली थंडी आवडायची. वर्षातले आठ महिने माणूस एसीच्या पिंजऱ्यात, आणि मग नोव्हेंबरात एकदाचं दार उघडायचं. डांबराच्या गोळ्यांच्या वासाचे स्वेटर. समुद्राकाठी पेल्यात मिळणारे उकडलेले हरभरे आणि त्यांचं तिखट गरम पाणी. पहिल्या पावसानंतर वाळूवर उगवणारी हिरवी लव, तीही अशी की नीट वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही. आणि कोळशाचा वास. शुक्रवारी सुलैबियाच्या पलीकडे गाडी काढली की मैलभर आधीपासून तो यायचा. वाळवंटात रांगेने तंबू, प्रत्येक तंबूपुढे निखारे, त्यावर चहाच्या किटल्या. तो वास आला की मला जेवायच्या आधीच भूक लागायची. आता कुणाच्या गच्चीवर कोळसा पेटला तरी मी खिडक्या लावते आणि मग लगेच धावत जाऊन त्या परत उघडते.

शमीमची माझी ओळख अशाच एका थंडीत झाली. साल्मियात तिच्या नवऱ्याचं, हनीफभाईंचं अत्तराचं छोटं दुकान होतं. मी एका कुपीची किंमत ऐकली आणि, इथे कोणाला मराठी कळणार आहे, अशा समजुतीत पुटपुटले, "लुटतात मेले." तर गल्ल्यामागून आवाज आला, "लुटत नाही हो बाई, थोडं कमी करते, पण मेलं नका म्हणू, सणाचे दिवस आहेत." बाई बाई बाई! मी तर जमिनीत गेले. आणि ती खदखदून हसत बाहेर आली, गोरी, ठेंगणी, ओढणी एका बाजूला घसरलेली. श्रीवर्धनजवळच्या खेड्यातली. तिने मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि माझी जात, गाव, मुलं, सगळं विचारून घेतलं, फक्त नवऱ्याचा पगार सोडून. पगार तिने दुसऱ्या भेटीत विचारला.

त्यानंतर आमच्या हळदीकुंकवाला शमीम नाही असं कधी झालं नाही. ती कुंकू लावून घ्यायची नाही, मीही कधी बोट पुढे केलं नाही. पण वाण घ्यायची, तीळगूळ घ्यायची, हलव्याचे दागिने घातलेल्या बाळाला मांडीवर घेऊन बसायची, आणि शेवटी पर्समधून कुपी काढून एकेका बाईच्या मनगटाला अत्तर लावायची. "तुमचं झालं, आता माझं हळदीकुंकू," असं म्हणायची. बायका त्यासाठी थांबून राहायच्या. पुढे पुढे तर अत्तर लावल्याशिवाय संक्रांत पुरी झाली असं आम्हालाच वाटेना. मला ती 'माधवी' म्हणायची आणि प्रत्येक वाक्यात 'गो' असायचा. "काय गो माधवी, तोंड का असं पाडलंस?" एवढं तिने विचारलं की निम्मं दुखणं जायचं. परक्या मुलखात असं विचारणारं माणूस सहज मिळत नाही, आणि मिळालं की आपण त्याला गृहीत धरतो.

त्या वर्षीही असाच अंदाज आला होता. लाटेमागून लाट. पहिलं वादळ आलं तेव्हा आम्ही मजा केली. रस्त्यावर बोराएवढ्या गारा पडल्या आणि सगळी गल्ली, अरब, बंगाली, मल्याळी, बाहेर येऊन ओरडत होती. माझी ऋचा तेव्हा पाचवीत होती. तिने वाडग्यात गारा भरून आणल्या आणि वर सरबत ओतून खाल्ल्या. मी ओरडले, पण एक मीही खाल्ली. दुसरं वादळ आलं तेव्हा हसू जरा कमी झालं. भुयारी रस्त्यात पाणी साचलं, गाड्या तरंगल्या, छत गळायला लागलं, बाथरूममधल्या बादल्या दिवाणखान्यात आल्या. माझ्या नवऱ्याच्या, श्रीकांतच्या प्लांटवरून निरोप आला की उत्तरेकडच्या साइटवर पाइपांवर बर्फ धरलाय. शमीम फोनवर म्हणाली, "माधवी, हे कुवेत आहे की अजून कुठे आणून टाकलं गो आपल्याला?"

तिसरं वादळ येणार हे सगळ्यांना माहीत होतं. पण संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू करता येतं आणि सुट्टी फक्त शुक्रवारी-शनिवारी. तंबू आधीच ठरला होता. 'वादळ रात्री येणार म्हणतायत, आपण दुपारीच आटपू' असं बायकांचं ठरलं, आणि पुरुषांनी नेहमीप्रमाणे माना डोलावल्या.

तंबूतली संक्रांत ही आमचीच टूम. कुवेती लोक थंडीत तंबूत राहायला जातात ते बघून आम्हीही जायला लागलो. पण आमचा तंबू निराळा. आत लाल नक्षीचं अस्तर, खाली जाड गालिचे, लोड, तक्के, आणि त्यावर आम्ही बसलेल्या काळ्या चंद्रकळा नेसून, गळ्यात हलव्याचे हार. बाहेर शेगडीवर वांगी भाजायची, बाजरीच्या भाकऱ्या थापायच्या, बोरं-गाजरं घातलेली भोगीची भाजी घरून करून आणायची. शेजारच्या तंबूतले कुवेती काका येऊन भाकरी चाखून जायचे आणि त्यांच्या घरची खजूर देऊन जायचे. असं सगळं गुण्यागोविंदाने चालायचं.

त्या दुपारी वारा सुटला. बघता बघता आभाळ काळं झालं आणि पाऊस आला, तिरपा, सुयांसारखा. बाहेरची शेगडी विझायला लागली. ती आत आली.

ती आत कुणी आणली यावर नंतर फार बोलणं झालं. याने आणली, त्याने आणली, तिने सांगितली म्हणून आणली. मी कानांनी ऐकलंय की कुणीच आणली नाही. म्हणजे ती बहुधा आपल्या पायांनी चालत आली असेल. खरं तर त्यात कुणी वावगं केलं असं त्या क्षणी आमच्यातल्या एकालाही वाटलं नाही. आपल्याकडे निखारा म्हणजे माया. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी, बाळाला ओव्याची धुरी, म्हाताऱ्याच्या गुडघ्याला शेक. शमीम तर हात शेकत सांगत होती, "आमच्याकडे आषाढात शेगडी माजघरात ठेवायची आणि आम्ही सगळी पोरं भोवती झोपायचो, अम्मी मधे." मीही माझ्या बाळंतपणातल्या शेगडीचं सांगितलं. पण त्या घरांना कौलं होती गं. कौलांच्या फटींतून आभाळ दिसायचं, दारांतून वारा यायचा. तंबूचं कापड पावसाने भिजून फुगलं होतं, कडा वाळूने दाबल्या होत्या, आणि वारा आत येऊ नये म्हणून आम्ही कोपऱ्याकोपऱ्यात लोड कोंबले होते. फटी बुजवण्यात आमचा हात कोण धरणार?

मग डोकी दुखायला लागली.

आता ऐका. एकाच तंबूत, एकाच वेळी, चार-पाच बायकांचं डोकं दुखतंय, मळमळतंय, आणि सगळ्यांचं एकमत की हे पित्त! "सकाळपासून नुसत्या चहावर आहोत ना, पित्त होणारच." "त्यात हे तीळ उष्ण." "वांग्याने वाढलं." एकीने आलं-साखर काढली, एकीने पर्समधल्या गोळ्या वाटल्या, शमीमने घरच्या आमसुलाच्या आगळाची बाटली काढली, आणि आम्ही ते पाण्यात घालून घोट घोट घेत बसलो. आज हे सांगताना मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. आपल्या बायकांना मरण जरी आलं तरी त्या आधी म्हणतील, काही नाही हो, पित्त आहे, जरा पडते म्हणजे बरं वाटेल.

शमीमला जरा जास्तच होत होतं. ती शेगडीजवळच्या लोडाला टेकून आडवी झाली. मला ढवळून आलं म्हणून मी बाहेर पळाले, तंबूच्या मागे जाऊन भडाभडा उलटी केली, आणि थंड वाऱ्यात उभी राहिले तर डोकं हलकं झालं. मला काय वाटलं असेल? वाटलं, पित्त पडलं, सुटले एकदाची. मनात म्हटलं, शमीमलाही एक उलटी झाली तर किती बरं होईल.

आणि तेवढ्यात गारा आल्या. आधी टपटप, मग पत्र्यावर कुणी पोतंभर हरभरे ओतावे तशा. पाच मिनिटं झोडपलं असेल नसेल, आणि थांबलं. वाळवंट पांढरं झालं. डोळे फाटतील इतकं पांढरं, पार क्षितिजापर्यंत, आणि त्यावर ढगांतून पडलेलं पिवळं ऊन. सगळी पोरं किंचाळत बाहेर आली आणि आतल्यांना हाका मारायला लागली. पुरुष ओरडले, "अगं या, या, बर्फ पडलाय, असं पुन्हा दिसणार नाही!" बायका डोकी धरत, पदर सावरत बाहेर आल्या. बाहेरच्या हवेत सगळ्यांचीच पित्तं पळाली. शमीमला एकीने हाक मारली. ती म्हणाली, "तुम्ही जा गो, मी पडते जरा." हे तिचं शेवटचं... म्हणजे, त्या दुपारचं ते शेवटचं बोलणं.

"झोपू दे बिचारीला," कुणीतरी म्हणालं. आणि तिला वारा लागू नये, डोळ्यांवर उजेड येऊ नये, म्हणून कुणीतरी तंबूचं दार खाली पाडलं. तो हात कुणाचा, हे मला आठवत नाही. मी कितीदा आठवून पाहिलंय. बांगड्या दिसतात, मनगट दिसतं, चेहरा दिसत नाही. ज्याचा कुणाचा असेल, त्याने ते प्रेमानेच केलं होतं, आणि याचाच मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

त्या दुपारचा फोटो अजून सगळ्यांच्या फोनवर आहे. पांढऱ्या वाळूवर काळ्या चंद्रकळा नेसलेल्या आम्ही दहा-बारा जणी, हातात गारा, तोंडं उघडी, हसताहसता कुणाचे डोळे मिटलेले. मध्यभागी मी आहे. आमच्या मागे तंबू आहे. त्याचं दार पडलेलं आहे. हा फोटो ग्रुपवर टाकला गेला, त्यावर पुण्या-मुंबईहून लोकांनी बदाम पाठवले, आणि ते बदाम येत होते तेव्हा आम्ही इस्पितळाच्या रस्त्यावर होतो.

थर्मासमधला चहा ओतला तेव्हा हनीफभाई तिच्यासाठी पेला घेऊन गेले. आम्हाला त्यांचा आवाज ऐकू आला, आधी नेहमीसारखा, "शमीम, उठ, चाय." मग परत. मग तिसऱ्यांदा जी हाक आली ती ऐकून श्रीकांत हातातलं सगळं टाकून धावला. त्याने दार वर केलं आणि तिथूनच ओरडला, "गॅस! कोळशाचा गॅस आहे हा! बाहेर काढा तिला!" मला अजून आठवतं, तिला बाहेर आणून गारांवर ठेवलं तेव्हा तिचे गाल गुलाबी होते. मला वाटलं, किती छान दिसतेय, उबेत झोपलीये. पण मान एका बाजूला पडली होती आणि हनीफभाई तिच्या तोंडावर गारा चोळत होते.

श्रीकांत पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनिअर आहे. त्या तंबूतले निम्मे पुरुष याच धंद्यातले. खिशाला गॅस मोजायचं यंत्र लावल्याशिवाय ही माणसं प्लांटमध्ये पाऊल टाकत नाहीत. रिकाम्या टाकीत उतरायचं तर आधी हवा तपासा, मग परमिट, मग सह्या, बाहेर एक माणूस पहाऱ्याला. नव्या पोरांना हेच शिकवतात. आणि शुक्रवारी यंत्र टेबलावर काढून ठेवून हीच माणसं बंद तंबूत निखाऱ्याशी मांडी घालून बसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते याहून काय वेगळं? हे मी श्रीकांतला एकदाच बोलले. तो उठून गॅलरीत गेला. तेव्हापासून तो कुठल्याही खोलीत शिरला की आधी खिडक्या बघतो, अगदी लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा.

रस्ते तुंबलेले होते, गाडी दोनदा वाळूत रुतली, पण पोचलो. इस्पितळात तिला ऑक्सिजनच्या बंद कोठडीत ठेवलं. काचेतून तिचे पाय दिसायचे. हनीफभाई बाहेर नमाज पढायचे, मी तिथेच खुर्चीत बसून रामरक्षा म्हणायचे, आणि दोघांचं संपलं की आम्ही एकमेकांकडे बघायचो. आणि काय सांगू, ती उठली! डोळे उघडले, हनीफभाईंना ओळखलं, मला बघून म्हणाली, "काय गो, तोंड का असं पाडलंस?" मी इतकी रडले की नर्सने मला पाणी आणून दिलं. घरी आली, स्वयंपाक करायला लागली, दुकानात जाऊन बसली. आम्ही पेढे वाटले. हनीफभाईंनी मशिदीत जेवण दिलं. रुमैथियापासून फहाहीलपर्यंत जो भेटेल त्याला मी सांगत सुटले, वाचली हो आमची शमीम, मोठ्या संकटातून वाचली.

पेढ्यांचा डबाही धुऊन ठेवला नव्हता तेव्हा पहिल्यांदा घडलं. तिने मला चहा दिला, मग दिला, मग पुन्हा करायला ठेवला. मी हसले. म्हटलं, अगं, पाहुणचार पुरे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कशावर हसायचं ते कळेना. मग एक दिवस समुद्राकाठून फोन. "माधवी, मी कुठे आहे गो?" जिला साल्मियातला कोपरा न् कोपरा ठाऊक होता, ती स्वतःच्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर उभी राहून रडत होती. मग सलवार उलटी. मग हनीफभाईंना, "हा माणूस कोण घरात आलाय?" डॉक्टर म्हणाले, या गॅसचं असं होतं कधी कधी. माणूस बरा होतो, सगळ्यांना वाटतं सुटलो, आणि काही आठवड्यांनी मेंदू आतून विझायला लागतो. औषध काय? औषध नाही. "तिच्याशी बोलत राहा. जुनं काही सांगत राहा. सांगता येत नाही, काही परत येईलही."

म्हातारीची थंडी आली तोवर शमीम उरली नव्हती. म्हणजे होती. हसायची, जेवायची, ओढणी सारखी करायची. पण जी मला माहीत होती ती कुठेतरी निघून गेली होती, आणि जाताना दार लावून गेली होती. हनीफभाईंनी दुकान विकलं. लाखाचे बारा हजार झाले म्हणा, पण त्यांनी घासाघीस केली नाही. विमानतळावर ती लहान मुलासारखी त्यांचा शर्ट धरून चालत होती. मी तिला मिठी मारली, तिने मारू दिली, आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिली.

आज दुपारी ऋचा ऑफिसातून आली आणि जेवता जेवता म्हणाली, या शुक्रवारी आम्ही सगळे फ्रेंड्स डेझर्टला जातोय, टेंट बुक केलाय. माझ्या हातातला डाव खाली पडला. मी म्हटलं, "पहिली लाट येतेय शुक्रवारी. नाही जायचं."

"आई, प्लीज. आय अ‍ॅम नॉट अ किड. इलेक्ट्रिक हीटर आहे तिथे."

"तो जनरेटरवर चालतो, आणि जनरेटरचा धूर कुठे जातो?"

"यू आर बीइंग सो ड्रॅमॅटिक!"

मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं. श्रीकांत आतून आला, शांतपणे म्हणाला, "दार उघडं राहिलं तर जायचं. बंद केलंत तर उठून घरी यायचं. कितीही थंडी असली तरी." ऋचाने मान खाली घातली. थोड्या वेळाने माझ्याजवळ येऊन बसली आणि मराठीत म्हणाली, "मला आठवतं गं आई. मीच ओरडून सगळ्यांना बाहेर बोलवत होते." मला हे इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. पोरीने ते एकटीने बाळगलं होतं. मी तिचं डोकं कुशीत घेतलं. बोलवलंस म्हणून बाकीच्या वाचल्या गं, असं म्हटलं, आणि ते खरंच आहे.

मग मी श्रीवर्धनला व्हिडिओ कॉल लावला. दर थंडीत लावते. हनीफभाई आता पार पांढरे झालेत. त्यांनी फोन ओटीवर तांब्याला टेकवून ठेवला आणि शमीमला समोर बसवलं. केस बारीक कापलेत, गाल भरलेत, अंगावर पातळ सुती कुडता, मागे नारळाची झाडं हलताहेत. माझ्याकडे बघून ओळखीच्या पाहुण्याकडे बघून हसतात तसं हसली.

"कुठून बोलताय तुम्ही?" तिने विचारलं. आता ती मला 'तुम्ही' म्हणते.

"कुवेतवरून."

"लांब आहे ते. थंडी असेल ना तिकडे?"

डॉक्टरांनी सांगितलंय, जुनं काही सांगत राहा. दरवर्षी मी दुकान सांगते, 'लुटतात मेले' सांगते, तीळगूळ सांगते. तंबूचं कधीच सांगितलं नव्हतं, धीर होत नव्हता. आज काय झालं कोण जाणे, मी तेच सांगायला लागले. म्हटलं, हो, फार थंडी. एका वर्षी तर गारा पडल्या. आम्ही सगळ्या बायका वाळवंटात तंबूत होतो, काळ्या चंद्रकळा नेसून. माझी एक मैत्रीण होती, सगळ्यांना अत्तर लावायची. तिचं डोकं दुखायला लागलं म्हणून ती आत पडली. आम्ही बाहेर गारा वेचत होतो. आत शेगडी होती. दार बंद होतं.

शमीम हनुवटीला हात लावून ऐकत होती. पुढे काय होणार ते ओळखून तिचे डोळे मोठे झाले.

"अगो बाई," ती म्हणाली. "मग? वाचली का ती?"

फोनच्या कडेला हनीफभाईंचा हात दिसत होता. तो हलला नाही.

"वाचली," मी म्हटलं.

"अल्हम्दुलिल्लाह!" तिचा जीव भांड्यात पडला. मनापासून हसली, ओढणी डोक्यावर घेतली. "बरं झालं. चांगली असणार बिचारी. भेटली की तिला माझा सलाम सांगा."

"सांगते," मी म्हटलं.